सहा अमिनो आम्लांची ओळ

कबनूरच्या सायझिंग कारखान्यात ताण्याच्या सुताला खळ लागते, तेव्हा ती साऱ्या धाग्याला सारखीच बिलगते. निवड करणे हा तिचा स्वभाव नव्हे. चिकटण्याआधी पृष्ठभाग पारखणाऱ्या एका इवल्याशा पेप्टाइडकडे म्हणूनच आपण जरा सावकाश पाहू या.

आर्जिनीन, लायसिन, ल्युसिन, प्रोलिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, अ‍ॅलनिन. जपानच्या केन-इची सानो आणि कियोताका शिबा यांनी ही ओळ 2003 मध्ये प्रसिद्ध केली. अंगावर निरनिराळी पेप्टाइडे मिरवणाऱ्या विषाणूंच्या अफाट गर्दीतून टायटेनियमला धरून राहणारे तेवढे त्यांनी वेचले. हाती आलेल्या पेप्टाइडच्या 12 अमिनो आम्लांपैकी पहिली 6 पुरेशी ठरली. मग खऱ्या रसिकाच्या चोखंदळपणाने त्यांनी एकेक अमिनो आम्ल काढून त्या जागी अ‍ॅलनिन बसवले आणि पकड सुटते का ते पाहिले. आर्जिनीन, प्रोलिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तिघांवाचून ओळ निष्प्राण होते.

असे का? टायटेनियमवर हवेत तत्काळ ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि त्यावर ऋण नि धन भार शेजारी शेजारी नांदतात. आर्जिनीनचा धन भार ऋणाकडे ओढला जातो, अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा ऋण भार धनाकडे. आणि प्रोलिन? मला तर तेच सर्वांत मोहवते! त्याला स्वतःचा भार नाही. पण त्याच्या ताठ वळणामुळेच ही दोन्ही टोके एकाच वेळी धातूपर्यंत पोचत असावीत. हेच पेप्टाइड चांदीला आणि सिलिकॉनलाही धरते. सोने, प्लॅटिनम, तांबे यांच्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही.

आता खुब्यात बसवलेला टायटेनियमचा सांधा डोळ्यांपुढे आणा. त्यावर जंतूंनी थर धरला की रक्तातून येणारे औषध तिथे अपुरे पडते. औषध धातूवरच वस्तीला असावे, ही ओढ त्यातूनच जन्मते. त्यासाठी औषध ठेवायला एक कुपी हवी. शरीरात लोह साठवणारे फेरिटिन म्हणजे अशीच 24 घटकांची, सुमारे 12 नॅनोमीटर व्यासाची पोकळ प्रथिनकुपी. शिबांच्या गटाने 2005 मध्ये तिच्या प्रत्येक घटकाला हीच ओळ जोडली. सुट्या पेप्टाइडची पकड हलकी असते. चोवीस जणांनी मिळून धरली की कुपी टायटेनियमवर घट्ट बसते, आणि तीही साध्या पाण्यातल्या द्रावणातून, नाजूक प्रथिनाला उष्णतेचा वा दाहक रसायनांचा स्पर्श होऊ न देता.