कोटाच्या अस्तरातले चार आकडे

जुने लष्करी गणवेश जमवणे हा नुसता छंद म्हणून पाहिला, तर तिकिटे किंवा नाणी जमवण्याहून तो फारसा निराळा नाही. परंतु गणवेशाचा मूळ मालक कोण होता, हे शोधायला संग्राहक निघाला की छंद मागे पडतो आणि संहितावाचन सुरू होते. कोट हीच संहिता. ती कशी वाचावी, आणि मुख्य म्हणजे वाचताना कुठे थांबावे, हे दोन्ही प्रश्न टीकाकाराच्या परिचयाचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शिपायाचा आखूड लोकरी कोट घ्या. आयझेनहॉवरवरून संग्राहक त्याला 'आइक जाकीट' म्हणतात. डाव्या बाहीवर मनगटाच्या बाजूला आडव्या सोनेरी पट्ट्या. एकेक पट्टी म्हणजे सहा महिन्यांची परदेशातील सेवा. उजव्या खिशावर पंख पसरलेला गरुड, म्हणजे हा माणूस सन्मानाने सेवामुक्त झाला. (शिपायांनी या गरुडाला बदक ठरवले होते, आणि तेही अंतर्गळ झालेले!) हे सारे जगाला दाखवण्यासाठी. अस्तरावर मात्र शाईचा एक पुसट शिक्का असतो : आडनावाचे आद्याक्षर आणि लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. धुलाईत कपड्यांची अदलाबदल होऊ नये, एवढ्यासाठीच तो मारलेला. शोधाचा सगळा डोलारा या शिक्क्यावर उभा असतो.

त्यातली गंमत अशी. शिपायाचा क्रमांक आठ आकडी. पहिला आकडा ३ असला तर माणूस सक्तीच्या भरतीतला. दुसऱ्या आकड्यावरून त्याच्या भरतीचा प्रदेश कळतो. ३२ म्हणजे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, डेलावेअर. ३८ म्हणजे टेक्सस आणि आसपासची राज्ये. म्हणजे मालकाच्या मुलखाकडे बोट दाखवणारे आकडेच नेमके शिक्क्यात नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने भरतीच्या सुमारे ९० लाख नोंदी सर्वांना खुल्या केल्या आहेत. त्यांत शेवटचे चार आकडे सारखे असणारी माणसे सरासरीने नऊशे भरतील. आद्याक्षर 'क्यू' असले तर दोन-चार नावे उरतील. 'एम' असले तर कित्येक डझन.

मग खांद्यावरच्या कापडी चिन्हाचा आधार घ्यायचा. डाव्या खांद्यावर शेवटच्या तुकडीचे चिन्ह, उजव्या खांद्यावर पूर्वीच्या. पण हाही आधार डळमळीत आहे. मे १९४५ मध्ये घरी पाठवण्यासाठी गुणांची पद्धत आली. ८५ गुण हवेत. सेवेच्या प्रत्येक महिन्याला एक, प्रत्येक मुलामागे बारा. गुण भरलेल्यांना परतणाऱ्या तुकड्यांत घालून बोटीवर चढवले जाई. तेव्हा डाव्या खांद्यावरचे चिन्ह माणूस कुणाबरोबर लढला याऐवजी कुणाबरोबर परतला एवढेच सांगत असण्याचा संभव असतो.

आणि ज्या कागदांनी हा गुंता सुटला असता ते १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत गेले. १.६ ते १.८ कोटी फायली! १९१२ ते १९६० या काळात मुक्त झालेल्या लष्करी लोकांपैकी ऐंशी टक्क्यांचे कागद जळाले, नकला नव्हत्या. आता उरली ती शेवटच्या पगाराची बिले आणि तुकड्यांचे रोजचे हजेरी-अहवाल.

अशा ठिकाणी प्रक्षेप शिरतो. बिनचिन्हाचा कोट स्वस्त. छत्रीधारी तुकडीचे चिन्ह असलेला महाग. म्हणून कुणीतरी चिन्ह शिवतो, आणि त्याला 'पूर्ववत करणे' असे गोंडस नाव देतो. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली, तेव्हा नंतरचे श्लोक वेगळे काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. हे चिन्ह शिवणारे नेमके उलटे करतात : परिशिष्टातले उचलून संहितेत घालतात. अतिनील प्रकाशात नवा दोरा चमकतो खरा. पण नव्या साबणाने धुतलेले जुने कापडही चमकते.

उघड बनावटीपेक्षा मला प्रामाणिक संशोधकाचा मोह अधिक घातक वाटतो. सत्तर नावांतून तो नकळत नॉर्मंडीत उतरलेल्याकडे झुकतो. कोठारात डबे मोजणारा कारकून त्याला नको असतो. वस्तुतः त्या कोटाचा मालक कारकून असण्याचा संभव अधिक, कारण आधुनिक सैन्यात बंदूक चालवणाऱ्यांहून पिठामिठाचा हिशेब ठेवणारे पुष्कळ. 'एम, कित्येक डझनांपैकी एक' अशी चिठ्ठी ज्या कोटाला लावलेली असते, त्याचा संग्राहक मला अधिक चांगला वाचक वाटतो.

नाव निर्विवाद सापडले, तर कोट घरच्यांना परत द्यावा, असे पुष्कळांना वाटते. द्यावा, पण आधी विचारून. काही कोट वारसांनी अडगळ म्हणून काढले, काही मालकाने परतल्याबरोबर स्वतःच्या हाताने विकले, आणि तो पुन्हा घरात यावा अशी त्याची इच्छा होती की नव्हती, हे त्या शिक्क्यातून कळत नाही.