दयाळू माणसाच्या घरात स्वयंपाक कोण करतं?

दयाळू माणसांवरची पुस्तकं मला फार वेळ वाचवत नाहीत. पहिल्या वीस पानांतच माणूस इतका चांगला होऊन बसतो, की पुढं त्याचं काही व्हायचं उरत नाही. साताऱ्यात आमच्या घरी अशी चरित्रं फळीभर होती. मिशनरी डॉक्टर, मिशनरी शिक्षिका, आफ्रिकेत गेलेला कुणी, चीनमध्ये वारलेलं कुणी. ख्रिस्ती माणसानं दयाळू असावं, हे वाक्य लहानपणी इतक्यांदा ऐकलंय, की 'चपला बाहेर काढ' इतकंच ते कानाला लागायचं.

त्याच फळीवर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' होतं. ते मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. या पुस्तकाबद्दल मराठी समीक्षेत जे बोललं जातं ते ठरलेलं आहे: प्रांजळ, मिश्किल, साध्या बोलीतलं, मराठीतलं पहिल्या रांगेतलं आत्मचरित्र. सगळं खरं आहे. पण हे गुण शैलीच्या खात्यात जमा करून आपण मोकळे होतो. मला वाटतं, लक्ष्मीबाईंचा विनोद हाच त्यांच्या चांगुलपणाचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि ख्रिस्ती दया रोजच्या घरात कशी दिसते हे कळायला मराठीत यापेक्षा चांगलं पुस्तक नाही.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याचं वेड. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, अगदी मीठसुद्धा. अकरा-बारा वर्षांच्या असताना नारायण वामन टिळकांशी लग्न. टिळक कवी, तापट, लहरी, आज इथं तर उद्या तिथं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडं परत आल्या, १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. पुढं नगर, राहुरी आणि शेवटी सातारा. १९१९ मध्ये टिळक गेले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आलं, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या.

आता दयेचा मुद्दा. टिळक दयाळू होते, यात शंका नाही. पैसे हातात आले की ते घरापर्यंत पोचतील याची खात्री नसे. रस्त्यात कुणी अडलेला भेटला की तो घरी येई, जेवायला आणि बऱ्याचदा राहायलाही. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत पोरक्या मुलांना तोटा नव्हता. टिळकांवर कुणी भाविक चरित्रकार लिहायला बसला, तर याच प्रसंगांवर तो अध्याय संपवील. लक्ष्मीबाई तिथून सुरू करतात. पाहुणा आला, बरं. मग डाळ किती होती? पीठ कुणाकडून उसनं आणलं? रात्री कोण कुठं झोपलं? टिळकांच्या औदार्याचा हिशेब या पुस्तकात वाण्याच्या उधारीत, चुलीपुढच्या घामात आणि नवरा-बायकोच्या भांडणात मांडलेला आहे. माझ्या वयाच्या वाचकाला इथं पहिल्यांदा राग येतो, आणि तो यायलाच हवा. एकाच्या दयेचं बिल दुसरीनं भरायचं, आणि नाव मात्र पहिल्याचं.

पण पुस्तक या रागावर थांबत नाही म्हणून ते मोठं आहे. लक्ष्मीबाई भांडतात, चिडतात, टिळकांना चार शब्द सुनावतात, आणि तरी पान वाढतात. पुढं पुढं आपल्या लक्षात येतं, की आता कुणाला तरी घरात घ्यायला त्याच पुढं झाल्यात. टिळकांना दया यायची, एकदम, भरून. लक्ष्मीबाईंना माया लागायची, हळूहळू, करता करता. मराठीत हे दोन शब्द वेगळे चालतात हे मला या पुस्तकामुळं जाणवलं. दया 'येते', वरून खाली येते, आणि जरा घसरली की तिची कीव होते. माया 'लावावी' लागते, आणि ती लावायला समोरच्याच्या जवळ बसावं लागतं. आमच्या देवळात प्रार्थनेत पहिला शब्द फार येतो. दुसरा स्वयंपाकघरात.

आणि विनोद. एखादं चांगलं काम केल्याचं सांगायची वेळ आली, की लक्ष्मीबाई स्वतःची फजिती आधी सांगतात. वाचणारा त्यांच्याकडं मान वर करून बघायला लागण्याआधीच त्या हसवून त्याला शेजारी बसवतात. चांगुलपणाची गोष्ट सांगताना सांगणारा उंच होत जातो, हा या प्रकारच्या लेखनाचा जुना रोग आहे. आता त्याला रील म्हणतात. ब्लँकेट वाटणारा हात, कॅमेऱ्याकडं बघणारी म्हातारी, मागं व्हायोलिन. लक्ष्मीबाईंच्या पानांवर मदत घेणारा माणूसही हट्टी, चतुर, त्रासदायक असू शकतो, आणि मदत करणारी बाई वैतागलेली. दोघंही माणसंच राहतात.

इथं मिरजेचा विषय काढायला हवा, कारण सांगली-साताऱ्याकडं ख्रिस्ती दया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा दवाखाना येतो. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. आज मिरज दवाखान्यांचं गाव आहे, कर्नाटकातूनही पेशंट येतात, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव अजून आहे. आमच्याकडं जुनी माणसं हॉस्पिटलचं नाव घेत नाहीत, नुसतं 'मिशनला नेलं' म्हणतात. वानलेस यांचं १९३२ चं पुस्तक आहे, 'अॅन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया'. नावातच बघा, काम करणारा डॉक्टर आहे, देश आहे, आणि ज्याच्यावर काम होतंय तो नाही. या प्रकारची पुस्तकं दूरदेशीच्या वाचकासाठी, देणगीदारासाठी लिहिली जायची, त्यामुळं त्यात मी फार दोष काढणार नाही. हॉस्पिटल पुस्तकापेक्षा मोठं होतं एवढंच. माझी आत्या नर्स होती, मिरजेकडंच तिची उमेद गेली. 'सेवा' हा शब्द ती कधी वापरायची नाही, 'ड्युटी' म्हणायची. म्हातारपणी तिला मी 'स्मृतिचित्रे' दिलं. अर्ध्यात आल्यावर चष्मा काढून तिनं विचारलं, "अगं, हिला हाताखाली कोणीच नव्हतं का?"

मिरजेचं नाव निघालं की दुसरा प्रश्नही येतो, आणि तो टाळून हा लेख लिहिणं अप्रामाणिक होईल. ही दया खरी की आमिष? गेल्या काही वर्षांत सांगली भागात धर्मांतर हा मोर्च्यांचा आणि भाषणांचा विषय झाला आहे. आजारी शेजाऱ्याला डबा नेऊन दिला तरी 'यामागं काय आहे' असं बघणाऱ्या नजरा मला माहीत आहेत. मिशनऱ्यांना लोकांनी ख्रिस्ताचं नाव ऐकावं असं वाटत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं. तेव्हा 'छे, तसं काहीच नव्हतं' हे उत्तर चालणार नाही.

'स्मृतिचित्रे'त मला यापेक्षा बरं उत्तर सापडतं. टिळकांना बायकोनं ख्रिस्ती व्हावं असं मनापासून वाटत होतं. पण परत आलेल्या लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं तसंच चालू होतं, चूल वेगळी होती. ख्रिस्ती घरात एक हिंदू बाई आपल्या नियमांनी राहत होती, आणि ते नियम पाळता यावेत अशी सोय तिच्या ख्रिस्ती नवऱ्यानं केली होती. जात देवानं केलेली नाही, या निष्कर्षाला त्या एकट्या, स्वतःच्या डोक्यानं विचार करत आल्या. बाप्तिस्मा नंतर. टिळक एरवी किती उतावळे होते हे पुस्तकभर दिसतं, म्हणून ही वाट बघणं मला त्यांच्या सगळ्या दानधर्मापेक्षा मोठं वाटतं. समोरचा बदलला नाही तरी त्याच्या पाण्याची वेगळी घागर भरून ठेवायची. आमिषात ही घागर बसत नाही.

सातारा येतो तो यानंतर. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, म्हणजे पगार सोडला, संन्यासी म्हणवून घेतलं आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. विचार म्हणून हे शंभर वर्षांनंतरही धीट वाटतं. आजच्या किती मंडळ्यांना ते पचेल, मला शंका आहे. पण संसारी माणसाच्या संन्यासाचं ओझं पुन्हा कुणावर पडतं? टिळकांची भजनं आमच्या चर्चमध्ये आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात, आणि ती सुंदर आहेत. दरबार मात्र टिळकांमागं फार टिकला नाही. लक्ष्मीबाई टिकल्या. टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतलं, बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. शाळेची पायरी न चढलेली ही बाई.

माझी एक तक्रार आहे आणि ती लक्ष्मीबाईंपेक्षा आपल्या वाचनाबद्दल जास्त आहे. नगर-साताऱ्याकडचे बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आले. माझं घरही त्यातलंच. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटलं की आपण टिळकांच्या घरापाशी जातो, कारण तिथं ब्राह्मण घर सोडल्याची मोठी गोष्ट आहे. लक्ष्मीबाई दलितांच्या पंगतीला बसल्या, हे त्यांचं धैर्य. पण त्या पंगतीत आधीपासून बसलेल्यांना त्या कशा दिसल्या? मीठ धुणाऱ्या घरातली बाई आपल्या घरचं पाणी पिते, तेव्हा पाणी देणारीच्या मनात काय चालतं? ही बाजू पुस्तकात नाही, असू शकत नव्हती. आणि त्या घरात वाढलेली मुलं? कुणाला डाळ कमी पडली, कुणाला टिळकांच्या रागाची भीती वाटली, कुणी लक्ष्मीबाईंच्या कुशीत झोपलं, हे त्यांच्या तोंडून मला वाचायचं होतं. लक्ष्मीबाई त्यांच्याबद्दल इतकं जिवंत लिहितात, की ती पानं संपली तरी मुलं आता काहीतरी बोलतील असं वाटत राहतं.