आद्य-फिनिक ‘हंबस्’ : व्युत्पत्ती आणि रूपविचार

शरीरावयवांची नावे भाषा सहसा उसनी घेत नाही, हे तत्त्व तौलनिक भाषाशास्त्रात बहुधा निःशंकपणे सांगितले जाते. मॉरिस स्वाडेश यांच्या १९५५ च्या शंभर शब्दांच्या यादीत ‘दात’ या अर्थाला स्थान आहे, ते याच विश्वासापोटी. फिनिश, एस्टोनियन इत्यादी भाषांच्या मूळ फिनिक रूपात दाताचा वाचक म्हणून पुनर्रचिला गेलेला ‘हंबस्’ हा शब्द मात्र या विश्वासाला छेद देतो.

फिनिक ही युराली कुलाची शाखा होय. दाताचा जुना युराली शब्द हंगेरियनमध्ये ‘फोग’ या रूपाने टिकला. फिनिशमधील त्याचा वंशज ‘पी’. परंतु त्याचा अर्थ संकोच पावून दंताळ्याचा वा फणीचा दात एवढाच उरला. तोंडातील दाताची जागा बाल्टिक शब्दाने घेतली. लॅटवियन ‘झोब्स्’ म्हणजे दात आणि लिथुआनियन ‘झांबस्’ म्हणजे धार किंवा कड, हे या बाल्टिक शब्दाचे वंशज. संस्कृत ‘जम्भ’ हा त्यांचा सगोत्र. आरंभीचा घोष ऊष्मवर्ण फिनिकच्या पूर्वावस्थेत नव्हता. म्हणून त्याच्या जागी ‘श’सारखा वर्ण आला आणि पुढे त्याचा ‘ह’ झाला. लिथुआनियन ‘झिर्निस्’ (वाटाणा) आणि फिनिश ‘हेर्ने’ ही जोडी याच नियमाची साक्ष देते. उलट याच इंडो-युरोपीय मूळ शब्दाची जर्मानिक शाखा ‘क’ने सुरू होते, आणि तिकडून फिनिशमध्ये ‘कंपा’, म्हणजे फणी, हा शब्द आला. एकच मूळ शब्द दोन वाटांनी फिनिकमध्ये शिरला. वर्णनियमांमुळे त्या वाटा वेगळ्या ओळखता येतात.

आतापर्यंतचे विवेचन कोशांतही आढळेल. परंतु बहुतेक कोश प्रथमेच्या रूपापाशी थांबतात, आणि खरा पुरावा तर त्यापुढे आहे. प्रथमा ‘हंबस्’, षष्ठी ‘हंपहन्’ : अशी ही रूपे आहेत. संवृत अक्षरापूर्वी ओष्ठ्य स्पर्श दुर्बल होतो, विवृत अक्षरापूर्वी सबल राहतो. म्हणून प्रथमेत ‘ब’ आणि षष्ठीत ‘प’. त्यांतूनच आजची फिनिश रूपे ‘हम्मस्’ आणि ‘हंपान्’ निघाली. ‘कंपा’ची षष्ठी ‘कम्मन्’ होते. तेथे हा क्रम नेमका उलटा आहे, कारण तेथे प्रथमेतच अक्षर विवृत आहे.

आता षष्ठीतील ‘ह’ पाहावा. तो दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स्’चा विकार आहे. बाल्टिकमध्ये हा ‘स्’ प्रथमेचा निव्वळ प्रत्यय. लिथुआनियन षष्ठी ‘झांबो’ होते, तेथे तो दिसतही नाही. फिनिक भाषकांनी मात्र तो प्रत्यय न समजता प्रकृतीचाच अंश मानला आणि त्यापुढे स्वतःचे प्रत्यय लावले. सगोत्र भाषांत वारशाने आलेल्या शब्दात परक्या भाषेचा विभक्तिप्रत्यय असा गोठून राहणे संभवत नाही. ऋणशब्दातच ते घडते. जर्मानिकमधून आलेल्या ‘कुनिंगस्’ (राजा) या शब्दाची फिनिश षष्ठी ‘कुनिंकान्’ हेच सांगते.

यावरून शब्दयाद्यांच्या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. केवळ ‘दात’ ही नोंद मोजणारा अभ्यासक फिनिशचे लॅटवियनशी नाते जोडील आणि हंगेरियनशी असलेले तोडील. दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतील. ‘जम्भ’शी साम्य पाहून हरखणाऱ्या संस्कृतज्ञालाही हाच इशारा लागू आहे. अर्थाची मूलभूतता हा शब्दाच्या वंशशुद्धीचा दाखला नव्हे. तो दाखला वर्णनियमांनी आणि रूपावलीने द्यावयाचा असतो. व्युत्पत्ती मांडताना प्रथमेबरोबर निदान एका तिर्यक विभक्तीचे रूप देण्याचा दंडक आपल्या विद्यार्थ्यांनी पाळावा, असे सुचवावेसे वाटते.