बापाची गोष्ट आणि मुलाचा हिशेब

वऱ्हाडात बापाला ‘बुढा’ म्हणतात, आणि बुढ्याने चार गोष्टी फुगवून सांगाव्यात, हा त्याचा हक्कच मानतात. आमच्या वाशीमकडे पैनगंगेचा जुना पूर दर वर्षी हातभर चढतो; नदीत नव्हे, सांगण्यात. लहानपणी मुलगा डोळे विस्फारून ऐकतो. शाळेत जाऊ लागला, की तोच उलटतपासणी घेतो: साल कोणते, पाणी किती, पाहिले कोणी? बाप एकदोनदा हसतो आणि मग सांगायचाच थांबतो. खोटे पकडले गेले खरे, पण बापलेकांतले बोलणेही त्याबरोबर गेले.

या दृष्टीने नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) पुन्हा वाचण्याजोगे आहे. मुलगा अर्थशास्त्रज्ञ, म्हणजे आकड्यांचा माणूस. बाप दामू मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेला, शिक्षण जेमतेम. या मुलाने बापाची साक्ष तपासली नाही. निवृत्तीनंतर आयुष्य लिहून काढा, असा आग्रह धरला.

ओझरचा प्रसंग घ्या. विहिरीत प्रेत आहे. ते बाहेर काढ, असे फौजदार फर्मावतो. दामू नकार देतो, बेदम मार खातो आणि गाव सोडून मुंबई गाठतो. फुगवायचेच असते, तर येथे फौजदाराला एक ठोसा सहज लगावता आला असता. दामू तो लगावीत नाही. जो बाप आपला मार लपवीत नाही, त्याची बाकीची ऐट वाचक आनंदाने सोसतो.

मात्र अशा पुस्तकात एक धोका असतोच. बापाची अतिशयोक्ती चटकन ओळखू येते, मुलाची येत नाही. मुले शिकून मोठी झाली, की बापाचा प्रत्येक नकार त्यांच्या यशाची पहिली पायरी वाटू लागतो. पण मार खाल्ला त्या दिवशी दामूला पुढचे काहीच ठाऊक नव्हते. त्या नकाराचे मोल त्यातच आहे. पुस्तकात बापाची बोली ऐकू येते तेथे हे मोल टिकते. मुलांचा अभिमान पुढे सरसावतो तेथे ते थोडे उणावते.

शिकलेल्या मुलाने बापाची गोष्ट दुरुस्त करू नये, तशी सजवूही नये. आधी ती पुरती ऐकून घ्यावी. पुराच्या पाण्याची खोली मागाहूनही मोजता येते.