‘विरहित’ या शब्दाची मर्यादा

शास्त्रीय निबंधाचे शीर्षक हे त्या निबंधाचे पहिले विधान असते. आकडे काटेकोरपणे तपासणारा वाचक शीर्षकातील शब्दयोजना मात्र क्वचितच तपासतो. या दृष्टीने लेडबीटर व मार्को यांचा 2003 साली ‘अँगेवांटे केमी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध परीक्षणास योग्य आहे.

सुझुकी-मियाउरा युग्मन ही अभिक्रिया 1979 पासून ज्ञात आहे. तीत पॅलेडियम धातूच्या उत्प्रेरणाने दोन कार्बन-अणू परस्परांशी जोडले जातात. या कार्याबद्दल सुझुकी 2010 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. उपर्युक्त लेखकांनी सोडियम कार्बोनेटयुक्त पाणी सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ही अभिक्रिया सुमारे 5 मिनिटांत घडवून आणली आणि तिला ‘संक्रमण-धातु-विरहित’ असे नाव दिले. त्या वेळच्या विश्लेषणात धातू आढळला नव्हता. परंतु 2005 साली लेडबीटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीच पुनर्विचार करून असे दाखविले की, बाजारात मिळणाऱ्या सोडियम कार्बोनेटात अब्जात 50 भाग, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग, इतके अल्प पॅलेडियम होते व अभिक्रियेस तेवढे पुरेसे होते.

स्वतःचे विधान स्वतःच दुरुस्त करण्याचा हा प्रामाणिकपणा निःसंशय गौरवास्पद होय. तथापि चूक केवळ प्रयोगाची होती असे म्हणता येत नाही. ती शब्दाचीही होती. मराठीत ‘धातू न घालता’ आणि ‘धातुविरहित’ हे दोन प्रयोग समानार्थी नाहीत. पहिला प्रयोग कृतीविषयी बोलतो, दुसरा वस्तुस्थितीविषयी. पहिले विधान 2003 साली खरे होते व आजही खरे आहे; दुसरे मात्र दोन वर्षांत ढासळले. न आढळणे आणि नसणे यांमधील अंतर एका समासाने पुसून टाकले.

असाच संदेह तृतीया विभक्तीत दडलेला आहे. ‘सूक्ष्मतरंगांनी अभिक्रिया घडते’ या वाक्यात तरंग हे केवळ तापविण्याचे साधन आहेत, की उष्णतेवाचूनही ते स्वतः अभिक्रियेवर प्रभाव पाडतात? व्याकरण दोन्ही अर्थांना मुभा देते. ग्राट्स येथील काप्पे यांच्या गटाने 2009 साली सिलिकॉन कार्बाइडची पात्रे वापरून याचा निवाडा करण्याचा प्रयत्न केला. हे पात्र तरंग स्वतःच शोषून तापते व आतील द्रवापर्यंत ते जवळजवळ पोहोचू देत नाही. तापमान तेच ठेवले असता काचेच्या व या पात्रातील फलिते बहुतांशी सारखीच आली. म्हणजे येथे श्रेय मुख्यतः उष्णतेचे आहे.

हा केवळ शब्दच्छल आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु औषधांतील पॅलेडियमवर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांसाठी ती दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे. तेथे ‘विरहित’ हा शब्द मोजमापाची जागा घेऊ शकत नाही.

नागपूरला परिभाषानिर्मितीची परंपरा आहे. डॉ. रघुवीर यांनी संस्कृत उपसर्ग, धातू व प्रत्यय यांच्या आधारे हजारो शास्त्रीय संज्ञा याच शहरात रचल्या. संज्ञेची घडण निर्दोष असली म्हणजे तिने सांगितलेले सत्यही निर्दोष असते, असे मात्र नव्हे. वाडीच्या एखाद्या प्रयोगशाळेत कार्बोनेटची बाटली उघडणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने म्हणूनच प्रबंधाच्या शीर्षकात ‘विरहित’ लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी नोंदवाव्यात: कोणत्या साधनाने शोध घेतला आणि त्याची शोधमर्यादा किती होती. तेवढे करणे शक्य नसेल, तर ‘न घालता’ हा साधा मराठी प्रयोग अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.