गाव, देखावा आणि योग

मागील वर्षी पावसाळा सरत आला असता एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य रंगीत पत्रक हाती घेऊन आमच्याकडे आले. नवरा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, पत्नी शिक्षिका. दोघांच्याही मानेला आणि मनाला विश्रांती हवी होती, हे चेहऱ्यांवरून दिसतच होते. उत्तर गोव्यात समुद्रकाठच्या एका गावी सात दिवसांचे योगशिबिर होते. ‘फादर, कॅथलिकांनी असल्या शिबिराला जावे का?’ एवढाच त्यांचा प्रश्न. पत्रकातील नकाशावर बोट ठेवून पत्नी थोडी घुटमळत म्हणाली, ‘माझी आजी याच बाजूची, शिवोलीची. घर मात्र आता आमचे राहिले नाही.’

प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच दिवशी दिले. ते पुढे सांगू. पत्रक मात्र आमच्याकडेच राहिले, आणि आम्ही ते एखादे पुस्तक वाचावे तसे दोन-तीनदा वाचले. असला मजकूर आता वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि प्रवासवर्णनांतून इतका येऊ लागला आहे की तो लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच मानावा. तेव्हा त्याची समीक्षाही व्हायला हवी.

या लेखनाची ठेवण ठरलेली असते. आरंभी पांढरेशुभ्र चर्च, त्याच्या शेजारी तुळशीवृंदावन, मग पोर्तुगीज धाटणीची बाल्कनी, माडांची रांग, आणि अखेरीस समुद्राकडे तोंड करून अंथरलेली चटई. या गावात पूर्व आणि पश्चिम शेकडो वर्षे गुण्यागोविंदाने नांदत आल्या, त्यामुळे येथील हवेतच शांती आहे आणि त्या शांतीतूनच शिबिराची प्रेरणा मिळाली, असा एकूण सूर. भाषा गोड आहे, चित्रे तर त्याहून गोड. पण वाचकांनी क्रियापदांकडे लक्ष द्यावे. या मजकुरात सर्व काही ‘आहे’. काहीही ‘घडले’ असे नाही. चर्च आहे, देऊळ आहे, मिश्र संस्कृती आहे, जणू भरतीच्या लाटेबरोबर शिंपले येऊन पडावेत तशी ती किनाऱ्यावर येऊन पडली! आणि माणूस? तो आलाच तर जाळे ओढताना, पाठमोरा.

शापोरा नदीच्या दोन तीरांचीच गोष्ट घ्या. दक्षिणेकडचा बारदेश १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेला. उत्तरेकडचा पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांना मिळाला तो १७८८ साली, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी. आज शिवोली आणि मांद्रे यांच्यामध्ये एक पूल तेवढा आहे; पण त्या अडीचशे वर्षांत एका तीरावर देवळे पडली आणि दुसऱ्या तीरावर ती उभी राहिली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, दिवाडीच्या सप्तकोटीश्वराने नार्व्यास आश्रय घेतला आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. देवांना रातोरात नद्या ओलांडाव्या लागल्या, त्या काही हवाबदलासाठी नव्हेत.

हे लिहिताना आम्ही, एक कॅथलिक धर्मगुरू, संकोच करणार नाही. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आले आणि मधली काही वर्षे सोडल्यास १८१२ पर्यंत टिकले. १६८४ साली स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून द्यावी असे फर्मान निघाले. १७३६ च्या दुसऱ्या एका फर्मानाने लग्नातील पानसुपारी, पुरुषांचे धोतर आणि अंगणातील तुळसदेखील ख्रिस्ती घरांना वर्ज्य केली. पत्रकातील ज्या छायाचित्रात क्रूस आणि तुळस शेजारी शेजारी दिसतात, त्या छायाचित्रामागे हे फर्मान उभे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ज्याची आपण क्षमा मागतो, ते सजावट म्हणून दाखविले जात असता गप्प बसणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

मग हे सहजीवन खोटे काय? मुळीच नाही. ते खरे आहे; फक्त ते हवेत नसून माणसांनी अंगावर घेतलेल्या कर्तव्यांत आहे. शिवोलीचा जागर नाताळानंतर रात्रभर चालतो. त्यात हिंदू आणि ख्रिस्ती घराण्यांना वाटून दिलेले मान आहेत, आणि कोणाचे काम कोणी करायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन रांगेत उभे राहतात. शिरगावची लईराई ही तिची बहीण, असे तेथील लोक मानतात, आणि दोघींमध्ये तेल आणि फुलांची देवघेव होते. हे शास्त्राला कितपत धरून आहे, असे एखाद्या पाद्रीबुवांनी विचारले, तर त्याला आमच्याजवळ उत्तर नाही. चर्चने असल्या जागरांकडे फार काळ वाकड्या नजरेनेच पाहिले. तरीही ज्या लोकांचे देव एकमेकांपासून तोडले गेले, त्यांनी ते बहिणी म्हणून पुन्हा जोडले, हे कोणत्याही प्रेरणापत्रकात बसणार नाही एवढे मोठे काम आहे.

आणि दुसरे काम भाषेचे. परदेशी मनुष्याने या किनाऱ्यावरून प्रेरणा घेण्याचे उदाहरण आपल्यापाशी फार जुने आहे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले. चार वर्षांनी, १५८३ मध्ये, कुंकळ्ळी येथे त्यांच्याच संघाचे पाच जण मारले गेले, तेव्हा त्यांची शवे आणण्यास हेच स्टीफन्स गेले होते. गावचे देऊळ मोडल्याचा संताप त्या हत्येमागे होता आणि पुढे त्या गावाच्या मुखियांनाही सूड म्हणून ठार मारण्यात आले. दोन्ही बाजूंचे रक्त पाहिलेला हा मनुष्य त्यानंतर मायदेशी परतला नाही. तो साष्टीत राहिला, लोकांची भाषा शिकला आणि तेहतीस वर्षांनी, १६१६ साली, त्याचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापून निघाले: सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हणायला तो कचरला नाही. १९५६ साली प्रा. बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले आणि २००९ साली सलेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फाल्कांव यांनी आजच्या मराठीतील अर्थासह ते पुन्हा आपल्या हाती दिले. आपल्या किती घरांत ते आहे, हा प्रश्न आम्ही येथे विचारत नाही.

ही ओवी तेथवर पोहोचली कोठून, हे मात्र नाशिककरांनी लक्षात घ्यावे. परंपरा सांगते की त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना नाथपंथाची दीक्षा दिली, आणि निवृत्तिनाथांकडून ते योगाचे धन ज्ञानदेवांना मिळाले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाचे जे निरूपण आहे, ते संस्कृतात कोंडून न ठेवता ओवीच्या रूपाने बायाबापड्यांच्या तोंडी आले. तीच ओवी पुढे साष्टीतील एका जेज्विटाने उचलली. म्हणजे योग आणि ख्रिस्तपुराण यांचा दूरचा का होईना, मराठीतून भाऊबंदकीचा संबंध आहे. आज मात्र त्याच किनाऱ्यावर योग शिकविला जातो तो मुख्यत्वे इंग्रजीतून, आसनांची नावे तेवढी संस्कृतात, आणि गावची भाषा स्वयंपाकघरात.

आता योगाविषयी. आमचे वैर योगाशी नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. पन्नाशी ओलांडल्यावर पाठदुखीने आम्हाला गाठले, तेव्हा आमच्याच वसाहतीतील सभागृहात चालणाऱ्या सकाळच्या वर्गाला आम्ही वर्षभर जात होतो. सतरंजी घरून न्यायची, पायजमा सैल हवा, आणि शिकविणारे गृहस्थ निवृत्त कारकून; आमचे ताडासन पाहून त्यांना हसू आवरत नसे. नाशिकच्या योग विद्या धामाने १९७८ पासून हे शिक्षण सामान्य घरांपर्यंत नेले आणि त्याचे संस्थापक विश्वास मंडलिक यांना त्यासाठी पंतप्रधानांचा योग पुरस्कारही लाभला. समुद्राच्या देखाव्यावाचून योग होत नाही, असे त्र्यंबक रस्त्यावर तरी आम्ही कधी ऐकले नाही.

श्रद्धेच्या बाजूनेही भीतीचे कारण नाही. आम्ही सेमिनरीत होतो त्या सुमारास, १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र काढले. अन्य धर्मांतील अस्सल ध्यानपद्धती प्रार्थनेस साह्यकारी ठरू शकतात, हे त्यात मान्य केले आहे. मात्र शरीराला बरे वाटणे म्हणजेच पवित्र आत्म्याचा अनुभव, असे समजू नये, हाही इशारा आहे. वरिष्ठांच्या वर्गात त्यावर मोठी खडाजंगी झाली होती. त्याच दिवसांत आमच्या हाती अँथनी डिमेलो यांचे ‘साधना’ हे १९७८ चे पुस्तक होते. श्वासाकडे, हातापायांच्या संवेदनांकडे लक्ष देत देवाच्या सान्निध्यात बसायला शिकविणारे. डिमेलो यांच्या लेखनाविषयी १९९८ साली रोमने सावधगिरीची सूचना दिली, तीही आम्ही मानतो. परंतु त्या पुस्तकाने आम्हाला गप्प बसायला शिकविले, हे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पतंजलींच्या योगाला आठ अंगे आहेत. आसन हे त्यांतील तिसरे. पहिले अंग यम, आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे ते पाच यम. दुसऱ्याचे न विचारता घेऊ नये, हे अस्तेय. गरजेपेक्षा अधिक साठवू नये, हा अपरिग्रह. चटईवर पाय ठेवण्याच्या आधीची ही पायरी. आमचा त्या पत्रकावरील मुख्य आक्षेप येथे आहे, आणि तो योगशास्त्राच्याच भाषेत मांडता येतो. गावाचा इतिहास, त्याचा सण, त्याची तुळस आणि क्रूस, सारे ‘प्रेरणा’ म्हणून उचलायचे आणि गावाचे नाव, भाषा, दुःख यांपैकी कशाचीच दखल घ्यायची नाही, हे अस्तेयात कसे बसावे? सत्याबद्दल तर वर सांगितलेच. शिबिराचे शिक्षक उत्तम असतील, आसनेही शुद्ध असतील. परंतु पत्रक लिहिणाराने पहिलीच पायरी गाळली आहे.

यावर कोणी म्हणेल की फादर, जाहिरातच ती, तिच्याकडून इतिहासाची काय अपेक्षा? मान्य. पण वाचकहो, जाहिरातीतील गाव हळूहळू खरे मानले जाते. तेथील मुलेही पुढे स्वतःचे वर्णन त्याच शब्दांत करू लागतात. आणि ‘रिट्रीट’ हा शब्द तरी कोणाचा? संत इग्नाशियस यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यांचा सोबती फ्रान्सिस झेवियर त्याआधीच, १५४२ मध्ये, गोव्यास पोहोचला होता. एकांतात जाऊन आपल्या जीवनाचा हिशेब पाहणे, हा त्या शब्दाचा आपल्यातील अर्थ. तो शब्द आज दुसऱ्यांनी घेतला, याबद्दल आम्ही कोणाला दोष देणार नाही. आमच्याच धर्मग्रामात उपवासकाळातील तीन दिवसांच्या रिट्रीटला मागच्या खेपेस पुढचे पाच बाक भरले नव्हते. लोकांना शांतता हवी आहे आणि ती मिळविण्यासाठी ते आठवडाभराची रजा व गाठीचा पैसा खर्चायला तयार आहेत. आम्ही मात्र त्यांना ध्वनिक्षेपकावरून तीन तास प्रवचन देतो! हा दोष आमचा.

त्या दांपत्याला आम्ही दिलेले उत्तर असे होते: अवश्य जा. प्रार्थना सोडू नका, मान सरळ करून या. एकच विनंती केली की नाताळच्या सुटीतील शिबिर निवडावे आणि जागराच्या रात्री शिवोलीस जावे. आमंत्रण लागत नाही, तिकीट नाही.

जानेवारीत ती दोघे भेटायला आली. शिबिराविषयी चांगलेच बोलली. शिक्षिका दक्ष होती, जेवण साधे होते, नवऱ्याची मान बरी आहे. पहिल्या दिवशी एक छापील अर्ज भरून घेतला होता. त्यात आजार, आहार, पूर्वीचा सराव, सर्व विचारले होते. जागराच्या रात्री मात्र गर्दीच्या कडेला ती उभी असता एका म्हातारीने तिला कोकणीत विचारले, तू कोणत्या घरची? तिला कोकणी धड येत नाही. तिने आजीचे नाव सांगितले, आणि वाड्याचे. म्हातारी काही क्षण तिच्याकडे पाहत राहिली, मग सरकून तिने आपल्या चटईवर तिला जागा करून दिली. पहाटेपर्यंत ती तेथेच बसून होती. दुसऱ्या दिवशीचा सकाळचा वर्ग बुडाला.