शिलावर्तुळातल्या माणसाचे काय झाले?

विदर्भातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळांवरचे लेखन वाचताना सर्वात आधी घोडा भेटतो. माहुरझरीला सापडलेले घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार, लोखंडी लगाम, त्यासोबत कुऱ्हाडी, कट्यारी, अकीकाचे मणी. यावरून इ. स. पू. पहिल्या सहस्रकातल्या अश्वारूढ, लढाऊ लोकांचे चित्र रंगवले जाते. ज्याच्यासाठी एवढे दगड रचले, तो माणूस मात्र त्या चित्रात धूसरच राहतो. माझा आक्षेप या धूसरपणाला आहे.

पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण मला नाही. विश्रामबागेत राहून, मिळतील ते उत्खनन-अहवाल मिळवून वाचणारा मी एक हौशी अभ्यासक. त्यामुळे आधी ऋण मान्य करतो. रिव्हेट-कारनॅक यांनी 1879 मध्ये नागपूरजवळच्या जुनापाणीच्या वर्तुळांवर लिहिले, तरी या विषयाला शिस्त आली ती डॉ. शां. भा. देव यांच्यामुळे. टाकळघाट-खापा (1968-69), माहुरझरी (1970-72) आणि डॉ. जामखेडकरांसह नायकुंड (1978-80) ही त्यांची उत्खनने नसती, तर आज वाद घालायलाही काही उरले नसते. नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी हा तर भारतीय धातुविद्येच्या इतिहासातला मोलाचा पुरावा आहे.

पण त्या काळच्या अहवालांची एक ठरलेली ठेवण असे. आधी दगडांची रचना, मग खापरे, लोखंड, तांबे, मणी आणि शेवटी हाडे. वस्तूंचे वर्गीकरण बारकाईने होई. हाडे तुकड्यांत मिळत, म्हणून त्यांचा निकालही थोडक्यात लागे. त्यातून ‘दुय्यम दफन’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे प्रेत आधी उघड्यावर ठेवायचे, मांस झडले की निवडक हाडे गोळा करून पुरायची. कर्नाटकात ब्रह्मगिरीला 1947 मध्ये व्हीलर यांना एकाच शिलापेटीत अनेकांची अपुरी हाडे मिळाली, तेव्हा अशी प्रथा होती हे मानायला आधार आहे. प्रश्न एवढाच, की तुटके हाड दिसले की प्रत्येक वेळी तिचेच नाव घ्यायचे का?

काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला सांगायला नको. कृष्णाकाठच्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. विदर्भातही काळी जमीन आहे. अडीच हजार पावसाळे असे फुगणे-आटणे सोसलेले, वर दगडगोट्यांचा भार असलेले हाड अखंड कसे राहील? मोडतोड माणसाने केली की मातीने, हे आधी ठरवावे लागते.

ते ठरवता येते. प्रौढ माणसाच्या 206 हाडांपैकी 106 हाडे हातापायांच्या पंजांत असतात. प्रेत एकीकडे झडले आणि हाडे दुसरीकडे नेली, तर ही बारीक हाडे मागे राहण्याची शक्यता मोठी. उलट मनगटाचे सांधे जागच्या जागी जुळलेले सापडले, तर देह तिथेच पुरला असला पाहिजे. उन्हाने तडकलेला पृष्ठभाग, जनावरांच्या दातांचे ओरखडे, सुरीच्या खुणा, जुने आणि ताजे भंग यांतला फरक, हे सारे हाडावर लिहिलेले असते. ते वाचायचे, तर कुठले हाड कुठे, कसे पडले होते याची नोंद खोदतानाच हवी.

याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (1968-83) प्रौढांचे अनेक सांगाडे घोट्याखाली तोडलेले मिळाले. ही दफने महापाषाणयुगीन नव्हेत, ताम्रपाषाणयुगीन आहेत. पण धडा तोच आहे. बाकीचा सांगाडा जागेवर होता आणि त्याची नोंद होती, म्हणूनच पावलांचे नसणे हा विधी ठरला. ल्यूकाक्स आणि वाळिंबे यांनी 1986 मध्ये तिथल्या सांगाड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात हाडे परिशिष्टात ढकललेली नाहीत, हेच मला मोठे वाटते.

दुसरा आक्षेप शस्त्रांबाबत. कट्यार मिळाली की पुरुष, मणी मिळाले की स्त्री, हे अनुमान आपल्या समजुतींवर चालते. लिंग कटीच्या हाडावरून आणि वय दातांवरून काढायचे असते. ते न करता मृताला योद्धा म्हणणे म्हणजे त्याच्या सामानावरून त्याची ओळख ठरवणे. ही सवय जुनी आहे. कवट्या मोजून ‘महापाषाणी वंश’ शोधण्याचा उद्योगही असाच चालला होता. केनेडी यांनी 1975 मध्ये दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या सांगाड्यांचा आढावा घेतला, तेव्हा असा एकच एक वंश दाखवता येत नाही हे स्पष्ट झाले. दगड रचण्याची रीत पसरली म्हणजे एखादी टोळीच आली, असे होत नाही.

हा प्रश्न केवळ विदर्भाचा आहे, असे सांगलीकरांनीही समजू नये. पूर्वी सांगली संस्थानात असलेला तेरदाळचा परिसर आणि गोकाकजवळचे कोण्णूर इथे महापाषाणी दफनगृहे आहेत. उत्तर कर्नाटकातल्या अशा शिलागृहांवर अ. सुंदर यांचा ग्रंथ 1975 मध्येच आला. त्यात मुख्य विचार रचनेचा आहे. आत निजलेल्यांची कहाणी अजून पुरती सांगून झालेली नाही.

नागपूरच्या आसपास वस्ती आणि रस्ते वाढताहेत, दगड हलताहेत. अशा वेळी घाईने खोदले, तर वस्तू संग्रहालयात पोचतील आणि माणूस पुन्हा हरवेल. तो कुणाचा तरी आप्त होता. त्याला उठवायचेच असेल, तर नीट ओळखून घेण्याएवढे देणे आपण लागतो. म्हणून हाडांचा जाणकार खड्ड्याशी हजर असल्याशिवाय एकही वर्तुळ उघडू नये आणि जुन्या उत्खननांतली हाडे जिथे जपून ठेवली असतील, तिथे ती आधी पुन्हा तपासावीत. अश्वारूढ योद्ध्यांविषयी त्यानंतर बोलू.